सत्तावन्नवर एक तास

शुक्रवारी दुपारी दोन वाजता युन-च्याओचं यंत्र बाराव्यांदा मेलं. मेलं तर मेलं, पण मरायला त्याने नेमका तोच क्षण निवडला, जेव्हा ती यंत्राकडे पाठ करून अख्ख्या क्लबला हात उंचावून सांगत होती, "बघा! आता नाही मरत!"

समोरच्या सगळ्यांचे चेहरे एकदम निळे दिसले, तेव्हा तिला कळलं की पाठीमागच्या स्क्रीनवर काय झालंय.

"अठरा मिनिटं," बो-शुन म्हणाला. त्याच्या हातात धावण्याच्या शर्यतीचं घड्याळ होतं. ते तो मुद्दाम घरून घेऊन आला होता. "मागच्या वेळेपेक्षा चाळीस सेकंद जास्त. प्रगती आहे हं, ताई. याच गतीने गेलीस तर पुढच्या वर्षीच्या वर्धापनदिनापर्यंत तास भरेल."

"मला ताई म्हणू नकोस. तू माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठा आहेस."

"आदराने म्हणतो गं. अध्यक्ष होणारेस ना!"

हसले सगळे. तिच्या बाजूचेही हसले, हे तिला लागलं.

झालं होतं असं. चुंगलीच्या त्या तांत्रिक शाळेत कॉम्प्युटर क्लबच्या अध्यक्षपदासाठी यंदा पहिल्यांदा एक मुलगी उभी राहिली होती आणि मतं पडली होती सहा-सहा. क्लब सांभाळणाऱ्या काओ सरांना भांडणं आवडत नसत. (सरांना झोप आवडत असे.) त्यांनी तोडगा काढला. क्लबने नवा मदरबोर्ड मागवला होता. युन-च्याओचं म्हणणं, की कारखान्यातून पन्नासच्या वेगाची हमी घेऊन आलेला आपला प्रोसेसर या बोर्डावर सत्तावन्नच्या वेगाने पळेल. उद्या शनिवारी शाळेच्या जत्रेत आपल्या टेबलावर तो तसा पळताना लोकांना दाखवायचा. बो-शुनचं म्हणणं, की बोर्डच खराब निघालाय, सात दिवसांत परत करता येतो, करून टाकू. मग सर म्हणाले, "शुक्रवारी पाचला कुरिअरवाला येईल. त्याच्या आत युन-च्याओने सत्तावन्नवर सलग एक तास चालवून दाखवलं, तर बोर्ड राहील आणि ती अध्यक्ष. नाही चालला, तर बोर्ड खोक्यात आणि बो-शुन अध्यक्ष." आणि सर झोपायला गेले.

युन-च्याओला हे इतकं आवडलं होतं की तिने आनंदाने उडीच मारली होती. मतांचं काय, मतं मैत्रीखातर पडतात. पण यंत्र कुणाची मैत्री बघत नाही! ते चाललं तर कुणाची टाप आहे म्हणायची, की हिला काही कळत नाही? आत्तापर्यंत क्लबात मुलींची कामं ठरलेली होती. फलक रंगवायचे, फोटो काढायचे, चहा आणायचा. आता ती बोर्डाच्या आत हात घालणार होती, कोपरापर्यंत.

आणि तिने घातलाही होता. पाच दिवसांत काय नाही केलं तिने? मेमरीच्या पट्ट्या एकेक काढून तपासल्या. प्रोसेसर उचलून पुसून पुन्हा बसवला. त्याच्यावरचा लेप नवा लावला. बोर्डाची आतली आज्ञावली नव्या आवृत्तीची केली, मग जुनी केली, मग परत नवी. प्रोसेसरला पाण्याच्या नळ्यांनी थंड करायचं म्हणून मागचा पंखा काढून पुढच्या जाळीला लावला. प्रोसेसर तर इतका गार राहत होता की काकडीने लाजावं. तरी बारा वेळा मेलं.

"पाकीट बघितलंस का?" लिंग-आनने विचारलं. लिंग-आन तिची जिवाभावाची मैत्रीण, आणि तिच्या सहा मतांपैकी एक.

सगळ्यांनी यंत्राकडे बघितलं. डब्याच्या माथ्यावर, अगदी मागच्या बाजूला, जाळीवर नारळाच्या चवीच्या कुरकुरीत नळ्यांचं हिरवं पाकीट ठेवलेलं होतं. ते तिथे असणारच. पाकीट नसलेलं यंत्र म्हणजे हेल्मेट न घालता स्कूटर. कुठल्या बँकेत, कुठल्या दवाखान्यात, कुठल्या टोलनाक्यावर यंत्रावर हिरवं पाकीट नाही? यंत्राला खाऊ दिला की यंत्र शहाण्यासारखं वागतं, हे काही क्लबात शिकवावं लागत नाही. फक्त पाकीट हिरवंच हवं, तारीख उलटलेली नको, आणि यंत्रावर असेपर्यंत ते खायचं नाही.

"तारीख पुढच्या मेची आहे," बो-शुनने पाकीट उलटून वाचलं. "पाकिटाचा दोष नाही. दोष बोर्डाचा. आणि ते चालवणारीचा."

"व्होल्टेज कमी पडतंय," युन-च्याओ म्हणाली. "प्रोसेसर धावतोय आणि त्याला पोटभर मिळत नाहीये. मी वाढवते."

"आणि मी शिउंगकाकांना बोलावते," लिंग-आन म्हणाली.

शिउंगकाका शाळेची सर्व्हरखोली सांभाळत. अकरा वर्षांत ती खोली एकदाही बंद पडली नव्हती. भूकंपात नाही, तुफानात नाही, परीक्षेच्या निकालादिवशीसुद्धा नाही. काका दर महिन्याच्या एक तारखेला स्वतः जाऊन पाकिटं बदलत, जुनी कोवळ्या उन्हात बसून खात, आणि त्या दिवशी कुणाशी भांडत नसत. ते आले, यंत्राभोवती एक फेरी मारली, आणि डॉक्टर जिभेकडे बघतात तसं पाकिटाकडे बघितलं.

"किती वेग मागतेस, पोरी?"

"सत्तावन्न, काका."

"आणि खाऊ एक?" काकांनी मान हलवली. "पन्नासला एक ठीक होतं. जास्त राबवायचं तर जास्त द्यायला नको?" त्यांनी कोटाच्या खिशातून दुसरं पाकीट काढलं आणि पहिल्याच्या शेजारी, जाळीवर, दोन्ही हातांनी ठेवलं.

युक्तिवादात खोट काढायला जागाच नव्हती. युन-च्याओने व्होल्टेज वाढवलं, चाचणी सुरू केली. अकराव्या मिनिटाला स्क्रीन निळी.

"अकरा!" बो-शुनने घड्याळ दाबलं. "अगं, उलटी कुठे चाललीस?"

तिने व्होल्टेज आणखी वाढवलं. लिंग-आन धावत शाळेच्या दुकानात गेली आणि तिसरं पाकीट घेऊन आली. शेवटचं उरलेलं, दुकानवाल्या बाईंशी भांडून मिळवलेलं. आता माथ्यावरची अख्खी जाळी हिरवीगार झाली, एखाद्या छपरावर शेवाळ चढावं तशी. सातव्या मिनिटाला यंत्र मेलं. या वेळी त्याने माफीसुद्धा मागितली नाही, नुसतंच काळं झालं.

बो-शुनने टेबलाखालून मदरबोर्डचं रिकामं खोकं काढलं, फुंकर मारून त्यातली धूळ उडवली आणि टेबलावर ठेवलं, अगदी हळू, आजारी माणसाच्या खोलीत ठेवावं तसं. तेवढ्यात मैदानावरून भोंगा झाला. उद्याच्या संचलनाची तालीम होती, सगळ्यांनी यायचं.

"मी थांबते," युन-च्याओ म्हणाली. "पाचला अजून पावणेदोन तास आहेत."

"थांब की," बो-शुन दारातून म्हणाला. "स्क्रू नीट मोज. बोर्डाबरोबर नऊ आले होते."

ती एकटी उरली. तिने डोळे पुसले. (घाम होता. खरंच, थोडा घामही होता.) मग ती हट्टाने परत बसली. व्होल्टेज जास्त दिलं की मरण लवकर येतं, हे कुठलं शास्त्र? उपाशी माणसाला दुसरी वाटी भात वाढावा आणि त्याने अजूनच मरगळावं? तिने व्होल्टेज होतं तिथे खाली आणलं. चाचणी लावली. तीन वाजून बत्तीस मिनिटं.

आणि मग पोटात असा काही खड्डा पडला की तिला आठवलं, दुपारचा डबा आपण उघडलाच नाही. जेवणाच्या सुट्टीत ती मेमरीच्या पट्ट्या तपासत होती. डबा वर्गात, वर्गाला कुलूप, दुकानात आता काही उरलेलं नाही, लिंग-आन मैदानावर. समोर, हातभर अंतरावर, तीन पाकिटं.

तिने पाकिटांकडे बघितलं. मग दाराकडे. मग परत पाकिटांकडे.

"तुमचा उपयोग तरी काय झालाय?" ती मोठ्याने म्हणाली, आणि पहिलं फोडलं.

गोड, नारळाचं, कुर्रम-कुर्रम! भीतीसुद्धा वाटली, पण भुकेने भीतीला ढकलून बाहेर काढलं. दुसरं पाकीट तिने जरा धीटपणे खाल्लं. तिसरं फोडताना ती चक्क गाणं गुणगुणत होती. आपलं अध्यक्षपद गेलंच आहे, तर पोट भरून तरी जाऊ दे! रिकामी पाकिटं चुरगाळून तिने खेळाच्या पिशवीत, बुटांखाली कोंबली आणि बोटं चाटत स्क्रीनकडे बघितलं.

एकवीस मिनिटं.

ती चाटायची थांबली. बावीस. चोवीस. सव्वीस! तिने श्वास रोखून धरला, जणू तिच्या श्वासानेच यंत्र दचकेल. "अगं बाई," ती कुजबुजली, आणि जवळून बघायला पुढे झुकली. तशी माथ्यावरच्या जाळीतून येणारी कढत हवा तिच्या हनुवटीवर आदळली आणि कपाळावरचे केस पंख्यासमोर बसल्यासारखे वर उडाले.

पाच दिवसांत तिथून कधी वारा आला नव्हता. यायचा कुठून? त्या जागी पाकीट होतं.

युन-च्याओने जाळीवर हात धरला, काढला, परत धरला. मग तापमानांच्या यादीकडे वळली. यादी लांबलचक होती. वर प्रोसेसरचे आकडे ठळक अक्षरांत, आणि ती आजवर तेवढेच बघत आली होती. आता ती अगदी तळापर्यंत गेली. तिथे, कुणी नीट नावही न ठेवलेली एक ओळ होती. 'तापमान ६'. चौऱ्याऐंशी. तिने दुपारच्या चाचण्यांची नोंद उघडली. अठराव्या मिनिटाला 'तापमान ६' एकशे अठरा, की यंत्र मेलं. अकराव्या मिनिटाला एकशे अठरा, मेलं. सातव्या मिनिटाला एकशे अठरा, मेलं.

मदरबोर्डच्या वरच्या काठाला, प्रोसेसरला वीज वाढणाऱ्या चिमुकल्या काळ्या चौकोनांची रांग असते. प्रोसेसर पाण्यात पाय सोडून गारेगार बसलेला, आणि हे बिचारे वाढपी मात्र चुलीशी भाजून निघत होते! मागचा पंखा तिने स्वतः काढला होता. उरला होता तो एक माथ्यावरचा झरोका, त्यावर आधी एक उशी, मग दोन, मग तीन. आणि वरून ती दरवेळी व्होल्टेज वाढवून त्यांच्याकडून आणखी वाढून घेत होती. म्हणजे आजवरच्या प्रत्येक उपायाने यंत्र थोडं जास्त मारलं होतं.

ती एकटीच हसत सुटली. हसता हसता खुर्चीवरून घसरली. बोर्ड चांगला होता! प्रोसेसर चांगला होता! ती स्वतःसुद्धा, पंख्याचं सोडलं तर, चांगली होती!

चव्वेचाळीस मिनिटं. एकोणपन्नासाव्या मिनिटाला दार उघडलं आणि सगळं मंडळ आत आलं. पुढे जांभई देत काओ सर, मग घड्याळवाला बो-शुन, मग घामाघूम क्लब, आणि सर्वांत मागे शिउंगकाका.

"चालतंय?" लिंग-आन किंचाळली. "युन! चालतंय!"

"अकरा मिनिटं उरलीत," युन-च्याओ शक्य तितक्या सहज म्हणाली.

पण काका स्क्रीनकडे बघतच नव्हते. ते यंत्राच्या माथ्याकडे बघत होते.

"पाकिटं कुठायत?"

"ती... उतरवली, काका."

"उतरवली?" एखाद्याने देवळाचं छप्पर उतरवलं म्हणावं, तसे काका म्हणाले. "चालू यंत्रावरून?"

"सर," बो-शुनने नाक पुढे काढलं, "हिच्या ओठाला काय लागलंय बघा."

"लिप बाम आहे ते," लिंग-आन म्हणाली.

"नारळाचा?"

"तुला काय करायचंय रे? वास कसला घेतोस मुलींच्या तोंडाचा!"

या गोंधळात काकांनी कोटातून नवंकोरं पाकीट काढलं होतं आणि ते दोन्ही हातांत धरून यंत्राकडे निघाले होते. त्यांचा चेहरा खरोखर काळजीचा होता. पोरीचं यंत्र उघड्या डोक्याने पळतंय, दहा मिनिटं उरलीत, आणि कुणालाच काही वाटत नाही!

युन-च्याओच्या तोंडचं पाणी पळालं. सांगायचं काय? 'काका, तुमच्या पाकिटानेच मरत होतं'? हे नीट समजावून सांगायला अर्धा तास, आणि काकांचा हात जाळीपर्यंत पोचायला दोन सेकंद. शिवाय समजावताना मध्येच कुणीतरी विचारणार, की मग आधीची तीन पाकिटं गेली कुठे?

"काका, थांबा! तोंड!"

काका थबकले. "कसलं तोंड?"

"पाकिटाचं तोंड. म्हणजे, डोक्यावर ठेवलं तर यंत्राला ते दिसणार कसं?" ती काय बोलतेय हे तिचं तिलाही तोंडातून बाहेर पडल्यावरच कळत होतं. "लहान मुलाला खाऊ दाखवून गप्प करायचं, तर आपण खाऊ त्याच्या डोक्यावर ठेवतो का? समोर धरतो ना! दिसला तर पाहिजे!"

पन्नास मिनिटं, चाळीस सेकंद.

"असं कुठे असतं?" बो-शुन म्हणाला. "सगळे वरच ठेवतात."

"माझ्या आजीच्या चुलतभावाची मुलगी शिंचूला आहे. चिपच्या कारखान्यात," युन-च्याओ म्हणाली. आजीला चुलतभाऊ नव्हता. "तिथे आता सगळीकडे समोर ठेवतात. तोंड यंत्राकडे. एक हात अंतर."

शिंचू! काकांची नजरच बदलली. शिंचूची माणसं केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या रेघा कोरतात, ती काय उगीच पाकीट हलवतील? त्यांनी मान डोलावली, पाकीट टेबलावर यंत्रासमोर ठेवलं, हाताने अंतर मोजलं, एक बोटभर मागे सरकवलं आणि दोन पावलं मागे येऊन वाकले. त्यांच्यामागे सगळा क्लब वाकला. काओ सरही वाकले. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत एक होतं, ते कुठल्या तोंडाने ठेवलंय हे ते बहुतेक आठवत असावेत.

साठ मिनिटं. कुणी हललं नाही. एकसष्ट. त्रेसष्टाव्या मिनिटाला लिंग-आनने युन-च्याओला अशी मिठी मारली की दोघी खोक्यावर पडल्या आणि खोकं चपटं झालं. पाचला कुरिअरवाला आला, "परत न्यायचं काय आहे?" म्हणाला, आणि बारा पोरं एका पाकिटासमोर नाचताना बघून सही न घेताच गेला. बो-शुनने घड्याळ बंद केलं. "अभिनंदन," तो म्हणाला, आणि मग, माणूस बरा होता म्हणून, "ताई नाही म्हणणार."

युन-च्याओ जिंकली होती! आता खरं सांगायला काय हरकत? तिने आलेख मोठा करून स्क्रीनवर आणला. "सर, हे बघा खरं कारण. 'तापमान ६'. झरोका बंद होता, म्हणून एकशे अठरापर्यंत जात होतं. झरोका उघडला, चौऱ्याऐंशीवर थांबलं."

"छान," काओ सर म्हणाले. "म्हणजे पाकीट समोर आल्यावर उतरलं."

"नाही, सर! पाकीट यायच्या आधीच—"

"मी ठेवलं तेव्हा चौऱ्याऐंशी होतं," काका शांतपणे म्हणाले. "आता ब्याऐंशी आहे. वाच तू."

तिने वाचलं. ब्याऐंशी. दार उघडं राहिलं होतं, बाहेरची गार हवा येत होती. तिने दाराकडे बोट दाखवलं. कुणीतरी उठून आदराने दार लावून घेतलं.

शनिवारी जत्रेत यंत्र दिवसभर सत्तावन्नवर पळालं. लोक थांबले, बघत राहिले आणि पाकिटाचे फोटो काढून गेले. सोमवारी शिउंगकाका गणिताच्या तासाला वर्गाच्या दारात उभे. त्यांनी सर्व्हरखोलीतली सगळी पाकिटं कपाटांच्या माथ्यावरून काढून समोर ठेवली होती, आणि अकरा वर्षं घोंघावणारे पंखे पंधरा मिनिटांत कुजबुजायला लागले होते. "शिंचूला कळव," ते म्हणाले. "म्हणावं, चुंगलीलाही पटलं."

बुधवारी कार्यालयातून बोलावणं आलं. नव्या अध्यक्षांनी यावं, झेरॉक्सचं यंत्र सारखं तापून बंद पडतंय. युन-च्याओच्या अंगावर मूठभर मांस चढलं. स्क्रू-ड्रायव्हर, तापमान मोजायची बंदूक, कपाळावर दिवा, सगळं घेऊन ती गेली, मागे वही घेऊन उपाध्यक्ष बो-शुन. कार्यालयातल्या फेंगमावशींनी ते सगळं हाताने बाजूला सारलं.

"ते राहू दे गं, बाळ. आधी हे सांग. समोर ठेवलंय, एक हातही मोजलाय, तरी बंद पडतं. तोंड चुकतंय का?"

युन-च्याओने बघितलं. पाकीट अगदी योग्य जागी होतं. झेरॉक्सची पाठ भिंतीला चिकटलेली, मागची जाळी सगळी बुजलेली. तिने तोंड उघडलं. गरम हवा, झरोका, 'तापमान ६', सगळं जिभेच्या टोकावर आलं. मावशी आशेने तिच्याकडे बघत होत्या, त्यांच्या मागे जेवणाचे डबे हातात घेऊन आणखी चौघीजणी.

तिने पाकिटाभोवती एक फेरी मारली. खाली वाकली. एक डोळा मिटला.

"पाकीट बरोबर आहे, मावशी," ती गंभीरपणे म्हणाली. "यंत्राची बैठक चुकलीय. पाठीला भिंत टेकली की ते आळसावतं. दोन वीत पुढे ओढा."

"दोन वीत," बो-शुनने वहीत लिहून घेतलं.